पाचवी तार

माझ्याकडे चार तारांचा बास गिटार होता आणि तो काही वाईट नव्हता, हे आधीच सांगते. नवीन घ्यायचं ठरलं की लोक लगेच जुन्याला नावं ठेवायला लागतात. मी नाही ठेवणार. त्याच्यावरच मी शिकले, नवरात्रात गरब्याच्या मैदानावर त्याच्यावरच वाजवलं, सुरतेच्या गोडादऱ्यातल्या लग्नांत खान्देशी गाणीही त्याच्यावरच वाजवली. बास म्हणजे गिटारचा थोरला भाऊ. तारा जाड, आवाज खालचा. गाणं ऐकणाऱ्याला तो वेगळा कळत नाही, पण थांबला तर काहीतरी गेलं एवढं नक्की कळतं.

पाच तारांचा घेण्याचं मी सगळ्यांना सांगितलेलं कारण होतं आमच्या ऑर्केस्ट्रातला नवा गायक. त्याचा गळा खालचा. तो गाणं जिथून उचलायचा तिथले खालचे सूर माझ्या बासवर नव्हतेच, ते पाचव्या तारेवर मिळतात. आमचा कीबोर्डवाला म्हणाला, "बेन, ए तो हूं डाबा हाथे वगाडी लईश." म्हणजे माझं काम तो डाव्या हातानेच उरकणार. मी म्हटलं, "आधी त्या डाव्या हाताला चहाचा कप न सांडता धरायला शिकव." पण तो बोलला ते लागलं.

खरं कारण मात्र घरात होतं. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी धुळ्याकडून सुरतेला आले आणि थकेपर्यंत लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, उभे राहिले. त्या खडखडाटाने त्यांचे कान नेले. खात्यात कामगार एकमेकांशी हाताने बोलतात, कारण ओरडून काही उपयोगच नसतो. मूठ गोल फिरवली की चालू, पंजा आडवा धरला की बंद, दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. हीच भाषा आमच्या घरात आली. जेवायला बसतानाही आई पंजा आडवा धरते, म्हणजे भाकरी बस झाली का? उरलेलं बोलणं आम्ही ओरडून करतो. शेजारच्या गुजराती काकींना पहिलं वर्षभर वाटायचं की आमच्याकडे रोज भांडणं होतात.

तर आबांनी मला वाजवताना पाहिलं होतं, ऐकलं कधीच नव्हतं. एका लग्नात ते मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसले. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाले, "बोटं चांगला चालतस." त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं. मी स्टेजच्या मागे जाऊन रडले. रागही आला, पण कोणावर काढणार?

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून आबांनी सुई-दोऱ्याच्या डब्यात टाकून दिलं. पण डॉक्टर एक गोष्ट बोलून गेले होते. बारीक आवाज गेले ते गेले, जाड आणि खालचे थोडे उरलेत. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. माझ्या बासवर आहे त्याच्याहून खालची तार हवी. एकदा, फक्त एकदा, त्यांना ऐकू आलं पाहिजे. हे मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, कशाला त्यांच्या मागे लागतेस.

नवा परवडणार नव्हता, म्हणून वापरलेला शोधला. आबांना बरोबर नेलं. जुनी वस्तू घेताना कोणीतरी मोठं माणूस हवं, अशी थाप मारली. त्यांना ती इतकी पटली की इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले.

पहिला बास अडाजणला होता, एका बँकवाल्या साहेबांच्या घरी. आकाशी रंग, काचेसारखी चकाकी, उचलायला हलका. बघताक्षणी मी पाघळले. मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघितली, तारा ताणायच्या चाव्या फिरवून बघितल्या, प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून वाजवलं. सगळं ठीक. पण पाचवी तार सैल लागत होती. ओला टॉवेल दांडीवर आपटावा तसा आवाज. आबा तिथल्या काचेच्या पेटीतले मासे बघत बसले होते. मी तीच तार पुन्हा वाजवली, जोरात. आबांनी माशाला बोट दाखवलं आणि हसले. मग उठून बासवरून हात फिरवत म्हणाले, "रंग भारी शे." रंगाचं काय लोणचं घालायचंय? साहेबांना "कळवते" म्हणून मी निघाले. खाली येईपर्यंत माझं तोंड एवढंसं झालं होतं.

दुसरा भेस्तानला. विकणारे काका मूळचे विदर्भातले, पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता खांदा गेल्यामुळे सोडलेलं. दारातच म्हणाले, "ताई, लय जड आहे, पहिलेच सांगतो." खोटं नव्हतं. तपकिरी लाकूड, हात घासून घासून रंग उडालेला, मागे कुठल्यातरी स्टिकरचा चिकट डाग, एक बटण फिरवलं की खर्र करायचं. दिसायला अगदी रडका. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, मात्र लोखंडी तिजोरीएवढा. आबा खिडकीजवळच्या दिवाणावर पाण्याचा ग्लास घेऊन बसले.

मी आधी बारीक तारा वाजवल्या. आबांचं लक्ष पाण्यात. मग पाचवी तार मोकळी सोडली. मांडणीवरची ताटं थरथरली. आणि आबांनी ग्लास खाली ठेवला.

ते खिडकीकडे बघायला लागले. मी वाजवत राहिले. ते उठून म्हणाले, आपल्या नेहमीच्या ओरडत्या आवाजात, "खाले लूम चालू शे! तेनी पट्टी ढिली व्हई गयी!"

काका म्हणाले, "खाली तर झेरॉक्सचं दुकान आहे." पण हे आबांना कोण सांगणार? त्यांनी चपला घातल्या आणि निघाले जिना उतरून. कपाळ माझं! आयुष्यभर लूमवर उभा राहिलेला माणूस, कुठेतरी मशीन बिघडलंय म्हटल्यावर बसून राहील होय?

मी बास गळ्यात घेऊनच खिडकीतून वाकून बघितलं. आबा गल्लीत उभे राहून एका बंद शटरला कान लावत होते. झेरॉक्सवाला दुकानातून डोकं बाहेर काढून बघत होता. काका म्हणाले, "अहो ताई, बोलवा ना त्यांना वर." मी म्हटलं, "थांबा हो जरा," आणि परत तीच तार छेडली. गल्लीत आबांनी लगेच मान वर केली. त्यांना येत होतं ऐकू! इतका आनंद मला कधी झालेला आठवत नाही, आणि तो कोणाला सांगताही येईना, कारण समोर एक अनोळखी काका आणि गळ्यात त्यांचा बास.

आबा धापा टाकत वर आले. "कोठे शे समजत नही. पन चालू शे."

मी तारेवर पंजा ठेवला.

"बंद पडनं," आबा म्हणाले.

मी तार पुन्हा ओढली.

"चालू व्हयनं."

मी पुन्हा दाबली. आता त्यांची नजर खिडकीवरून सुटली आणि माझ्या हातावर आली. मी त्यांच्याकडे बघत मूठ गोल फिरवली, चालू, आणि तार सोडली. ती जाड तार थरथरताना डोळ्यांनाही दिसते. आबा जवळ आले. ॲम्पवर तळहात ठेवून उभे राहिले. मग कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "तू शे का हाई?"

"मी आबा," मी म्हटलं. ओठांवरून त्यांना कळलं असणार.

ते दिवाणावर बसले आणि स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "मी खाले धुंडत व्हतू." मग शर्टच्या बाहीने तोंड पुसत राहिले. काका पाठ करून एक वायर गुंडाळायला लागले. आधीच गुंडाळलेली होती ती.

मी त्या खर्र करणाऱ्या बटणाबद्दल एक शब्द काढला नाही. घासाघीस केली नाही. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या लोकांना कळलं तर माझी सालटी काढतील. काकांनी आपणहून ॲम्पही देऊन टाकला. म्हणाले, ठेवायला जागा नाही. जागा भरपूर होती, मी बघितली ना.

आता नवरात्र होऊन गेलं. कीबोर्डवाला गप्प आहे. माझा खांदा मात्र दुखतो, त्या बाबतीत काका खरं बोलले होते. संध्याकाळी मी घरी ॲम्प लावून वाजवते आणि आबा त्याला पाठ टेकून पेपर वाचतात. आई म्हणते की ताटं फुटतील एखाद्या दिवशी.

गाणं म्हटलं की एकाच तारेवर भागत नाही. बोटं वरच्या बारीक तारांवर जातातच, खरी मजा तिथेच असते, तिथलं वाजवायला मी महिनोन् महिने घासलंय. तेवढ्यात आबा पेपर खाली करतात आणि वळून बघतात.

"का थांबनी?"

मी थांबलेली नसते. गाणं अगदी रंगात आलेलं असतं. मी मूठ गोल फिरवते, चालू आहे म्हणून, आणि जाड तारेवर परत येते.