सुकेळीवाल्या काकीचे हात

"खाऊन बघ, मग बोल," म्हणत ती सुकेळ्याचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्याचा, तुकडा थेट तुमच्या तोंडापाशी आणायची. नको म्हणायला तोंड उघडलं की तुकडा आत! नव्वदनंतर वसईत नव्या बिल्डिंगी उठत होत्या, तेव्हा जवळच्या गिरीज गावातल्या केळीच्या वाडीतली ही काकी आमच्या जिन्यापाशी टोपली घेऊन बसायची. आम्ही फ्लॅटवाले भाव विचारायच्या आधीच तिचे गिऱ्हाईक होऊन जायचो. अशी एखादी काकी तुमच्याही पाहण्यात असेल.

जुन्या काविळीने तिचं लिव्हर बिघडलं होतं, पण तिला त्याचं काही नव्हतं. एका सकाळी मात्र ती कच्ची हिरवी राजेळी केळी सुकेळी म्हणून विकू लागली आणि मला स्वतःची सासू समजून माझ्या पाया पडली. वॉचमन म्हणाला, "काकी आज टाकून आली." चहापलीकडे काही न घेणारी बाई ती!

काकीच्या सुनेने तिला डॉक्टरकडे नेलं. घड उतरवताना कोयता लागून बोट पिकलं होतं. काकीने ते लपवलं, कारण पट्टी बांधलेल्या हातची सुकेळी कोण घेणार?

डॉक्टर म्हणाले, "लिव्हर थकलेलं असताना जखम पिकली, की जंतूंशी लढणारी अंगातली फौज भलतीच भडकते. त्याची झळ मेंदूला बसते. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल."

बरी झाल्यावर काकी सगळ्यांना सांगत सुटली, "माझे शिपाई येडे हायत! चोर बोटात, नि हे डोक्यात शिरून दांडकी मारतात."

तेव्हापासून सून रोज टोपली पोचवायला यायची आणि जिन्यापाशीच तिचे हात तपासायची, शाळेत बाई नखं बघतात तसे, आणि मगच "चला, उचला टोपली" म्हणायची. "सासू कोन नि सून कोन, तेच कळत नाय," काकी कुरकुरायची. पण हात पुढे करायची. मला ती फार आवडायची.

एका उन्हाळ्यात तिचं बोलणं पुन्हा घसरलं. सुनेने हात उलटसुलट पाहिले. ओरखडासुद्धा नव्हता. ऊन लागलं असेल म्हणून तिने काकीला घरी निजवलं. पण काकी वाडीत अनवाणी फिरायची. झावळीची काडी तळपायात मोडून आत पिकली होती. ते कळलं इस्पितळात, नर्सने पाय पुसले तेव्हा.

मी भेटायला गेले, तर तिने मला ओळखलं नाही. मला रडूच आलं. ती आमची शेवटची भेट. सून जवळ येताच मात्र तिने दोन्ही हात पुढे केले.

"बघ. काय नाय लागलं."

सुनेने एकेक बोट तपासलं.

"नाय लागलं, आई. चला, उचला टोपली."