चि.

आमच्या टेलरमास्तरांच्या मुलीला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. वय एकोणीस. मी त्या दुकानात काज-बटणं करते, त्यामुळे तिला फ्रॉकच्या वयापासून बघत आलेय. पोरीनं हट्ट म्हणून कधी केला नाही. भावाला सायकल आली, हिला नाही, तर म्हणाली, "मला कुठं जायचंय?" शेजारणी म्हणायच्या, किती समजूतदार! मला ते कौतुक कधी पटलं नाही. घरात एक समजूतदार असलं की बाकीचे खुशाल हातपाय पसरतात.

थोरला, म्हणजे तिचा भाऊ, मोठा होता तो नुसता वयानं. एकदा गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट घालून मित्राच्या लग्नाला गेला आणि पाठीवर डाग पाडून घेऊन आला. मग त्या गिऱ्हाइकाची समजूत म्हातारीनं काढली, चिडलेल्या बापाची तिनंच, आणि बाप ओरडला म्हणून रुसून बसलेल्या थोरल्याचीही तिनंच.

मास्तरांचा हात थरथरायला लागला तेव्हा कॉलेज सोडून तिनं कात्री हातात घेतली. मास्तर माझ्यादेखत म्हणाले होते, "दुकान तुझंच. नवा बोर्ड करू, त्यावर तुझं नाव घालू." तेवढ्या एका बोलावर पोरगी ढोरासारखी राबली.

परवा रंगारी आला. तो शिडीवर, आणि शिडी धरून खाली म्हातारी. मी दारात बटणं लावत बसलेली. मास्तरांचं नाव झालं. पुढे 'आणि' आलं. तिनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मग 'चि' उमटलं.

"मावशी, बघा ना बाबांना!" ती लाजून हसली. "म्हणे चि.! बोर्ड आहे की लग्नपत्रिका?"

रंगाऱ्यानं ब्रश बुडवला आणि 'रं' काढला.

तिनं शिडी सोडली नाही. 'चिरंजीव' पुरं होईपर्यंत धरून उभी राहिली, रंगारी खाली उतरला तेव्हाच आत गेली. मीही तिच्यामागे गेले.

"अगं, त्याचं लग्न ठरतंय," मास्तर कापडाकडे बघत म्हणाले. "मुलीकडच्यांना दुकानदार जावई हवाय. कच्चा आहे तो, जबाबदारी पडली की सुधारेल. काम काय, तूच बघणार आहेस. तू समजूतदार आहेस, म्हणून तर..."

काम हिचं आणि दुकान त्याचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत म्हातारी चिंध्यांच्या ढिगात मटकन बसली आणि तिनं भोकाड पसरलं. पाय आपटत, नाक ओढत, चार वर्षांच्या पोरासारखं. "तुम्ही म्हणाला होतात! मला पाहिजे! मला माझंच नाव पाहिजे!"

आत येणारं गिऱ्हाईक उंबऱ्यातच थबकलं. आतल्या स्टुलावर बसलेला थोरला म्हणाला, "लहान आहेस का?"

मास्तर गोरेमोरे होऊन माझ्याकडे वळले. "मावशी, जरा समजवा हिला."

"मावशी नाही," ती हुंदक्यांतून म्हणाली. "बाबा, तुम्ही काढा माझी समजूत. एकदा तरी."

मास्तर तिच्यापाशी गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले. आणि मग नेहमीच्या सवयीनं त्यांनी तिलाच विचारलं, "आता काय करू गं मी?"