विषयांतर नको

झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या माणसाजवळ किस्से आपोआप साचत जातात. लोक कागद देतात, कागद निघेपर्यंत बोलतात, आपण नुसतं हूं हूं करायचं. आमच्या वाचनाच्या ग्रुपवरचे किस्से मात्र मी फारसे कोणाला सांगत नाही. सुरुवात ऐकून लोक हसतात, आणि मग शेवटपर्यंत त्यांना हसायचंच असतं.

अमरावतीतल्या माझ्या दुकानात एक निवृत्त प्राध्यापक यायचे. त्यांच्याकडे एका परदेशी कादंबरीचं जुनं मराठी भाषांतर होतं, नऊशे पानांचं, आता कुठेच न मिळणारं. सरांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. दर रविवारी मी एक प्रकरण स्कॅन करून टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून वाचायचं. पुस्तक माझ्याकडे ठेवायला सर तयार नव्हते. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून राहायचे आणि काम झालं की पिशवीत घालून घेऊन जायचे. त्यामुळे पुढे काय होणार हे अख्ख्या ग्रुपमध्ये फक्त त्यांनाच ठाऊक असायचं, आणि त्याचा त्यांना फार आनंद होता.

नियम दोनच. पुढचं सांगायचं नाही आणि विषयांतर करायचं नाही.

*

पहिली बोंब झाली ती नावांवरून. अकोल्याला शिलाईचे क्लास घेणाऱ्या रुखसाना आपांनी लिहिलं, "सर, एका मानसाले एकाच पानावर तीन नावं? आमच्या मोहल्ल्यात असा कोणी आला तर लोक पोलिसात देतीन."

शेवटी ठरलं की आपणच पात्रांचं बारसं करू. जमीनदार झाला मालक. त्याच्या बायकोला आपांनी बेगमसाहिबा करून टाकलं. तबेल्यात घोडे सांभाळणारा एक गडी होता, माणसांशी कमी आणि घोड्यांशी जास्त बोलणारा. त्याला काय म्हणावं ते कोणाला सुचेना. वंदनाताई म्हणून धामणगावजवळच्या एका खेड्यातल्या बाई होत्या, एरवी अंगठ्यापलीकडे काही टाकत नसत. त्यांनी एक शब्द लिहिला, "प्रकाश."

सर म्हणाले, "फार साधं आहे, पण चालेल."

*

महसूल खात्यातून निवृत्त होऊन अकोल्यात राहायला गेलेले एक साहेब ग्रुपवर होते. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. ते कादंबरी फायलीसारखी वाचायचे. सोमवारी सकाळी शेरा हजर, "प्रकरण वाचले. मजकूर समाधानकारक."

एकदा गोष्टीतला मालक खुशीत येऊन एका कुळाला ओढ्याकाठचं रान देऊन टाकतो. आम्ही सगळे वाहवा करत होतो, तेवढ्यात साहेबांचा प्रश्न आला, "लेखी आदेश कुठे आहे?"

आम्ही पोट धरून हसलो. साहेब गंमत करत नव्हते हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

*

बोंडअळीच्या वर्षीचा किस्सा आहे. कादंबरीत मालकाच्या गव्हावर हिमाचा तडाखा बसतो आणि एका रात्रीत सगळा गहू जातो. लेखकाने लिहिलंही होतं जीव लावून. ग्रुपवर रडक्या तोंडांची रांग लागली. सरांनी तर आपला कंठ दाटून आल्याचं लिहिलं.

त्याच दुपारी वंदनाताईंनी फोटो टाकला. तळहातावर कापसाचं फोडलेलं बोंड, आत गुलाबी अळी. खाली लिहिलं होतं, "आमचं पन असंच झालं."

सरांनी फोटो काढून टाकला. म्हणाले, "ताई, विषयांतर नको. कृपया."

आपांना राहवलं नाही. "सर, तिकडच्या गव्हासाठी सकाळपासून रडून राहिलो आमी. इकडच्या कापसासाठी परवानगी लागते का?"

साहेबांनी आठवण करून दिली की नियम सर्वांना सारखे असतात. ही माणसं वाचतात तरी कशाला, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

*

वंदनाताई एकदा दुकानात आल्या. मोबाइलवर अक्षर बारीक दिसायचं, म्हणून त्यांना प्रकरणं कागदावर हवी होती. सर स्टुलावर बसलेलेच होते. प्रिंट निघत होते आणि मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "ताई, प्रकाश नाव कसं काय सुचलं?"

"आमच्या घरच्यांचं नाव हाय ते," त्या म्हणाल्या. "गेले ते, तीन वर्सं झाले. बैलाशी तेवढं बोलत, मानसाशी नाही. जित्ते होते तवा म्या कदी तेह्यचं नाव घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत. आता ग्रुपवरचं वाचताना रोज घेतो."

प्रकाशरावांनी जीव दिला होता. चौकशीला तहसीलातून माणसं आली, ओसरीत बसली आणि लिहून गेली की कारण शेतीचं नाही, घरगुती आहे. गावात त्याचा अर्थ एकच निघाला, बायकोमुळे गेला. सासू अजून त्यांच्या हातचं पाणी घेत नव्हती.

मग त्या सरांकडे वळल्या. "सर, एवढंच सांगा. पुस्तकातल्या प्रकाशचं पुढं चांगलं होते ना?"

पुस्तक सरांच्या मांडीवर होतं. त्यांनी ते मिटलं आणि हसून म्हणाले, "ताई, पुढचं सांगणं म्हणजे लेखकाचा अपमान."

मला तेव्हा सरांचा राग आला, तो अजून आहे. ताईंनी कागद नीट पिशवीत ठेवले आणि एसटी स्टँडकडे गेल्या.

*

ते प्रकरण पावसाळ्यात आलं. स्कॅन करतानाच माझी नजर शेवटच्या परिच्छेदावर गेली. घोडे विकले जातात, तबेला रिकामा होतो आणि दुसऱ्या दिवशी प्रकाश सापडतो तो मेलेला. स्वतःच्या हातानं. सरांना मी विचारलं, हे आज टाकायलाच हवं का? ते म्हणाले, "अहो, इथे तर खरी चर्चा रंगणार आहे."

संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला, त्यांनी तोवर लिहिलेला सगळ्यात मोठा. "प्रकाशचे मरण पटत नाही. मालक दयाळू होता, दोन वेळचे जेवण मिळत होते. घोडे गेले हे सबळ कारण ठरत नाही. बायकोशी कुरबूर झाल्याचा उल्लेख मात्र मागे आला आहे. माझ्या मते कारण घरगुती आहे."

सरांनी लगेच लिहिलं, "अतिशय मार्मिक."

मग वंदनाताई टाइप करताना दिसू लागल्या. मध्येच थांबायच्या, पुन्हा टाइप करायच्या. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून तसाच उभा राहिलो.

"साहेब, हे तुमी पह्यले बी लिहिलं होतं. माह्या ओसरीत खाटेवर बसून. चहा म्याच देल्ला होता. तुमचा फोटो पाहून पह्यल्याच दिवशी वळखलं होतं तुमाले. मले वाटलं, एवढं मोठं पुस्तक वाचून राहिले, तर कुठं ना कुठं समजन."

उत्तर आलं ते सरांचं.

"वंदनाताई, विषयांतर नको."

"विषयांतर नाही, सर. मी प्रकाशचंच सांगून राहिली."