सुभेदारांची शिलकी वीज

फौजेतून येऊन सहा वर्षं झाली, तरी सुभेदार नाथाजींच्या पायाची भिंगरी थांबली नव्हती. द्राक्षबाग वाट्यानं दिलेली, मग दिवसभर करायचं काय? अशात तासगावजवळच्या त्यांच्या गावात एक नवा प्रयोग आला. ज्याच्या छपरावर सौर पॅनेल, त्यानं घरात वापरून उरलेली वीज त्याच डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, शेजाऱ्यांना विकायची. सौदा मोबाईलवर.

झालं! सुभेदारांना लढायला नवा मोर्चाच मिळाला. दिवसातून तीनदा शिडी, फडकं, पॅनेल पुसणं. ढग आला की आभाळाला शिव्या. बाडमेरच्या वाळवंटातल्या चौकीवर त्यांनी पाण्याचं रेशन लावलं होतं, तसंच आता घरात विजेचं लागलं. उन्हं आहेत तोवर मिक्सर बंद, टीव्ही बंद, आणि भर एप्रिलात पंखासुद्धा बंद.

"आवं, जीव उकडून निघाला की," शालूबाई म्हणायच्या.

"डीपीवर पयला नंबर हाय आपला!" सुभेदार मोबाईलमधून मान वर न काढता सांगायचे. बायको पुढं काय बोलली, हे त्यांनी कधी ऐकलंच नाही. हळूहळू ती बोलेनाशी झाली. घर शिस्तीत चाललंय, असं त्यांना वाटलं. माणूस शूर होता, पण शहाणा होता असं कोण म्हणेल?

एका दुपारी मोबाईलवर दिसलं, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या चंदनबाला पाटील. आभार मानावेत म्हणून सुभेदार टोपी घालून निघाले.

दारातच थबकले. आत पंखा गरगरत होता, मिक्सरमध्ये चटणी वाटली जात होती, आणि मिक्सरचं झाकण दाबून शालूबाई खदखदून हसत होत्या. हे हसू त्यांनी किती महिन्यांत ऐकलं नव्हतं! नवऱ्याला बघून ते जागच्या जागी मिटलं.

"या सुभेदार," चंदनबाला म्हणाल्या, "तुमच्याच विजेवर चाललंय सगळं. रोज दुपारी येत्यात ह्या."

सुभेदारांचा चेहरा उतरला. "घरी चल," ते कसेबसे म्हणाले. "पंखा लावतो. मिक्सरबी लाव."

"पंख्यासाठी पयल्यांदा आले होते," शालूबाई शांतपणे म्हणाल्या. "आता न्हाई. हितं माझ्यासंगं कुणीतरी बोलतं."

सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली. आत जाऊन बसावं की माघारी फिरावं, त्यांना समजेना. आयुष्यभर हुकूम दिलेला माणूस कुणीतरी 'बसा' म्हणायची वाट बघत उंबऱ्याबाहेर उभा राहिला.