ठेवणीतली बाटली

अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये फ्रिजच्या डोक्यावर, कुरड्यांच्या डब्यामागे, मोझेलच्या वाइनची एक बाटली उभी असायची. मोझेल म्हणजे जर्मनीतली नदी. अमेरिकेत येण्याआधी नवऱ्याच्या प्रोजेक्टपायी आम्ही तिच्या काठी राहिलो. दोन्ही बाजूंना छातीवर येणारे चढ, पायाखाली पाटीच्या काळ्या दगडाचे तुकडे, आणि त्यातच द्राक्षं. एका हंगामात हाही हौसेनं तोडणीला गेला आणि संध्याकाळी गुडघे फोडून परत आला. मळ्याच्या म्हातारीनं मजुरी म्हणून ती बाटली दिली. इतका खूश मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

"ग्रीन कार्ड आलं की फोडू," इथे आल्यावर त्यानं जाहीर केलं. कार्ड काही येईना. परत येताना व्हिसा स्टॅम्पिंगमध्ये अडकू या धास्तीनं मोझेलची ट्रिप दरवर्षी कॅन्सल केली. मी म्हणायचे, "अरे, फोड की एकदाची! फ्रिजच्या उष्णतेनं शिजतेय ती." तो म्हणायचा, "ठेवणीतली आहे. मुरू दे." आपल्या लोकांच्या या खोडीचा मला भयंकर संताप येतो. चांगली साडी ठेवणीत, चांगले कप ठेवणीत, आणि आपण टवके उडालेल्या मगातून चहा पितोय.

मग त्याच्या जिभेवर गाठ निघाली, कॅन्सरची. सोमवारपासून रेडिएशन होतं. नंतर चव परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. शनिवारी दुपारी तो स्वतःच म्हणाला, "काढ ती. चव आहे तोवर पिऊ."

बूच भुसभुशीत झालं होतं, तुकडे आत पडले. मी चहाच्या गाळणीनं दोन स्टीलच्या पेल्यांत गाळून घेतली. रंग काढ्यासारखा. त्यानं डोळे मिटून घोट तोंडात घोळवला.

"जरा झोंबतेय. पण बघ, म्हटलं नव्हतं मुरते म्हणून? अगदी तीच!"

मीही घोट घेतला. निव्वळ व्हिनेगर.

आधी वाटलं, माझं मन राखतोय. पण हा मन राखणाऱ्यातला नव्हे. आमटीत मीठ कमी पडलं तर पाहुण्यांसमोर ताट सरकवणारा माणूस. म्हणजे चव आधीच गेली होती, आणि त्याला पत्ताच नव्हता. देवा रे!

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"छान मुरलीय," मी म्हणाले.

त्यानं रिकामा पेला पुढे केला. "मग ओत की अजून. आता कशाला ठेवायची?"