बादलीचा आळ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यालाही माहीत नाही. आता सांगून काय होणार? — तरी सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही एकत्र राहायचो — सासूबाई, दोघे भाऊ, मोठ्या जाऊबाई आणि मी. जाऊबाईंना मी वहिनी म्हणायचे. तोंडाने फटकळ, पण मला दिवस गेल्यावर पहिली गरम भाकरी माझ्याच ताटात पडायची.

पाचव्या महिन्यात पोट दुखायला लागलं. एकाच जागी, आतून कुणी मूठ आवळल्यासारखं. मी गप्प राहिले. का? कारण मला माहीत होतं. लग्नाआधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं — गर्भाशयात गाठ आहे, दिवस गेले की लगेच दाखवायला या. सासरी हे लपवलं होतं. लग्न मोडलं असतं ना.

एका सकाळी नळावर वहिनी म्हणाल्या, "ती बादली घे गं, माझे दोन्ही हात भरलेत." मी उचलली. दुपारी कळा सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात सगळं संपलं. मुलगी होती.

डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. "गाठ वाढली होती, तिच्यामुळे झालं. सासूबाई बाहेर म्हणताहेत त्या बादलीचा काही संबंध नाही. घरच्यांना मी सांगू?"

"मी सांगते," म्हटलं.

नाही सांगितलं. सासूबाई वहिनींना वाट्टेल ते बोलल्या — स्वतःला मूल नाही, म्हणून हिचंही बघवलं नाही! मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. एक वाक्य पुरलं असतं. माहेरी पाठवतील अशी भीती होती? होती. पण वहिनींचं काय होतंय, तेही दिसत होतं. वर्षभरात दादा-वहिनी गोवंडीला वेगळे राहायला गेले.

दुसऱ्या खेपेला मी गाठीचं सांगितलं — आत्ताच निघाली म्हणून. म्हणजे आणखी एक खोटं. मुलगा सुखरूप झाला.

बारशाला वहिनी स्वतः शिवलेलं झबलं घेऊन आल्या, पण दारातच थांबल्या. मी बाळ पुढे केलं. "नको गं," त्या म्हणाल्या, "माझे हात नकोत लागायला."

म्हणजे त्यांनाही ते खरंच वाटत होतं.

मी बाळ मागे घेतलं. त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

वहिनी त्यानंतर बावीस वर्षं जगल्या. दर गणपतीला घरी यायच्या. दर वेळी सांगता आलं असतं.