हुजूर, हे कोणासाठी?

हुजूरमामांनी गिऱ्हाइकाला कधी पाठ दाखवली नाही. ऑर्डर घेतली की ते थेट भटारखान्याच्या दारापर्यंत उलटे चालत जायचे. उमर सगळी राजवाड्यावरच्या पंक्तीत वाढण्यात गेलेली. संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं आणि मामा इंदूरच्या तुकोगंजातल्या एका उपाहारगृहात वेटर म्हणून लागले. तिथे दोन टेबलांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि हे त्यातून उलटे चालणार! एकदा मागून येणाऱ्यावर आदळले आणि ट्रेमधला चहा माझ्या एकुलत्या एका काळ्या कोटावर आला. "माफी असावी हुजूर," ते म्हणाले, "पण पाठ नाही दाखवली."

सगळ्यांना हुजूर म्हणायचे म्हणून आमच्यासाठी ते हुजूरमामा. मी तेव्हा नुकतीच सनद घेतलेला वकील होतो. अशील एकही नाही, त्यामुळे कोर्टापेक्षा त्या उपाहारगृहात, गल्ल्याजवळच्या टेबलावर, माझी हजेरी जास्त. मामा मला 'वकील हुजूर' म्हणायचे. सबंध इंदुरात मला वकील म्हणणारा हा एकच माणूस. आमचे वडीलसुद्धा म्हणत नव्हते.

मध्यभारताची उन्हाळी राजधानी इंदूर, त्यामुळे उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून सगळं सरकार इथे मुक्कामाला यायचं. साहेब आले, कारकून आले, फायली आल्या की उपाहारगृह भरायचं आणि मामांच्या बशीत बक्षीस पडायचं. पगार घरातच विरून जायचा. या बक्षिसावर त्यांच्या लेकीचा, कुसुमचा, टायपिंगचा क्लास चालायचा. "नव्या सरकारला कागद भोत लागतात, हुजूर," मामा सांगायचे. "आपली कुसुम टाइप करेल, खुर्चीवर बसेल. उलटं नाही चालणार." हे ते इतक्यांदा सांगत की मला पाठ झालं होतं.

मालक तसा वाईट नव्हता, पण चिक्कू होता आणि तोरा भारी. एका उन्हाळ्याच्या तोंडावर त्यानं गल्ल्यावर एक कुलूपबंद पत्र्याचा डबा ठेवला. बक्षीस त्यात टाकायचं, महिनाअखेर अर्धं मालकाचं. "कप माझा, खुर्ची माझी, पंखा माझा," तो मलाच विचारायला लागला, "मग बक्षीस एकट्या याचं कसं? क्यों भिया, तुम्ही तर वकील!" मी जिलबीकडे बघत बसलो. असा मी शूर.

अर्ध्या बक्षिसात फी भागेना, कुसुमचा क्लास सोडायची वेळ आली तेव्हा मामा माझ्या टेबलापाशी आले. "वकील हुजूर, मालकाला हे घेता येतं का? कायदा काय केतो?" अहो, मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी कायदा विचारला! मी दोन दिवस पुस्तकं उपसली. पगार सापडला, सुट्ट्या सापडल्या, कामाचे तास सापडले. बक्षिसाचं नाव नाही. तोंड पाडून परत आलो.

"मामा, कलमच सापडत नाही हो. मला एवढंच कळतं, देणाऱ्यानं ज्याला दिलं त्याचं ते. पण कुणाला दिलं, हे कसं ठरवणार?"

मामांचा चेहरा एकदम उजळला. "बस, हुजूर. मिळाला कायदा." आणि नको नको म्हणताना माझ्यापुढे गरम जिलबीची बशी ठेवली. माझ्या वकिलीची ती पहिली फी.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं बशीत नाणं ठेवलं. मामा ताठ उभे राहिले आणि राजवाड्यावरच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, "हुजूर, हे कोणासाठी? मालकांसाठी, की माझ्यासाठी?" सगळ्या माना वर. गिऱ्हाईक गोंधळलं. "अरे, तुमच्यासाठीच की!" मामांनी माझ्याकडे पाहिलं. "वकील हुजूर, ऐकलंत?" मी मान डोलावली. मग हे दिवसातून वीस वेळा! मालक गल्ल्यावर धुमसायचा. लोकांसमोर काही बोलता येईना, पण एक दिवस तो मामांना घरी बसवणार हे दिसत होतं. माझ्या अर्ध्याकच्च्या कायद्यापायी म्हाताऱ्याची नोकरी जाणार, या धास्तीनं मला जेवण जाईना.

एके दिवशी सचिवालयातले एक गलेलठ्ठ साहेब मित्रांना घेऊन आले. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला. साहेब रंगात होते. "मालकांना देऊन टाका! गरीब दिसतात बिचारे." सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी ट्रे पुसला, धुतलेली बशी त्यात ठेवली, बशीत ते नाणं ठेवलं आणि गल्ल्यापुढे येऊन कमरेत वाकले.

"मालक, साहेबांनी आपल्याला बक्षीस दिलंय. पूर्ण आपलं. यात माझा हिस्सा नाही."

आणि उलटे चालत मागे गेले. मालक कानापर्यंत लाल. नाणं उचलवेना, परत करवेना. साहेबांची मंडळी टेबलं बडवून हसत होती आणि मी डोळे मिटून मामांच्या नोकरीला श्रद्धांजली वाहत होतो.

नोकरी गेली नाही. गेला तो डबा. सकाळी मालकानं कुलूप काढलं, आतलं सगळं न मोजता मामांच्या पंच्यात ओतलं आणि डबा साखरेसाठी भटारखान्यात पाठवला. त्याच्या फटीतून पुढे मुंग्या शिरल्या, ते वेगळं.

मग मध्यभारत गेला, राजधानी भोपाळला गेली आणि कुसुमला तिथे टायपिस्टची खुर्ची मिळाली. मामा तिच्याबरोबर निघाले. शेवटच्या दिवशी मालकानं त्यांना माझ्या टेबलावर बसवलं आणि स्वतः चहा आणला, अर्धा बशीत सांडत. मामांनी सावकाश चहा घेतला आणि बशीत चवन्नी ठेवली.

मालक ताठ उभा राहिला. "हुजूर," तो म्हणाला, "हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी, मालक. पूर्ण."

मालकानं चवन्नी कपाळाला लावली. मामा उठले आणि सवयीनं उलटे चालायला लागले.

"अहो मामा, आज तुम्ही गिऱ्हाईक आहात," मालक म्हणाला. "सरळ जा."

मामा जरा घुटमळले, मग वळले आणि दाराकडे चालू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची पाठ दिसली, आणि मला ती बघवेना.